शिया-सुन्नी पंथभेद आणि दख्खनच्या शाह्या

बहमनी राज्य मोडून निघालेल्या पाच शाह्यांतील चढाओढीत पंथनिष्ठेचा झालेला वापर. दरबारांत ढोबळमानाने दोन तट होते : इराण-मध्य आशियातून आलेले आफाकी, बहुतेक शिया, आणि इथेच रुजलेले दख्खनी व त्यांच्या बाजूचे आफ्रिकी वंशाचे हबशी, बहुतेक सुन्नी. कोणता तट वरचढ, यावर शुक्रवारच्या नमाजातील प्रवचनात, म्हणजे खुतब्यात, कोणाची नावे घ्यायची हे पुष्कळदा ठरे.

आदिलशाही : यूसुफ आदिलखानाने 1503 च्या सुमारास विजापुरात शिया खुतबा सुरू केला. ते निमित्त करून बीदरच्या अमीर बरीदने शेजाऱ्यांना त्याच्यावर चाल करायला बोलावले. गोवळकोंड्याच्या कुतुबशाहीचा संस्थापक सुलतान कुली स्वतः शिया. तरी तोही या मोहिमेत उतरला. यूसुफला काही काळ माघार घ्यावी लागली. पहिल्या इब्राहीमने 1534 मध्ये सुन्नी पंथ आणला, अनेक आफाकींना चाकरीतून काढले आणि फारसी हिशेबदप्तर देशी भाषेत, ब्राह्मण कारकुनांकडे सोपवले. पहिल्या अलीने 1558 मध्ये पुन्हा शिया पंथ आणला. दुसऱ्या इब्राहीमच्या काळात दरबार परत सुन्नी झाला.

निजामशाही : येथील माहिती सर्वांत भरघोस, कारण फिरिश्ता हा इतिहासकार अहमदनगरच्या चाकरीत होता आणि स्वतः शिया होता. पहिल्या बुऱ्हाणने 1537 मध्ये शाह ताहिरच्या प्रभावाखाली शिया पंथ स्वीकारला. शाह ताहिर इराणातून पळालेला विद्वान, गोव्यामार्गे परांड्याला व तेथून अहमदनगरला आलेला. आजारी शाहजादा अब्दुल कादिर बरा झाला म्हणून बुऱ्हाण वळला, ही फिरिश्त्याची कथा चमत्काराची असल्याने जपूनच घ्यावी. शाह ताहिर मुळात इस्माइली इमाम होता, असे आधुनिक अभ्यासक मानतात. पंथबदलावर शहरात दंगा उसळला. त्याचा म्होरक्या मुल्ला पीर मुहंमद कैदेत गेला. पुढे दख्खनी तटाच्या जमालखानाच्या वर्चस्वाखाली (1589–91) महदवी (महदी अवतरला असे मानणाऱ्या) पंथाची सरशी झाली, आफाकींची कत्तल झाली आणि फिरिश्ता विजापूरला गेला.

पंथ एक झाला म्हणून तंटा मिटला नाही. दोन्ही दरबार शिया असतानाच अली आदिलशाह विजयनगरच्या रामरायाला घेऊन हुसेन निजामशाहावर चालून गेला. शिया गोवळकोंडाही त्यांच्या बाजूला होता. खरे भांडण सोलापूरच्या किल्ल्याचे. 1524 च्या सोयरिकीत विजापूरने तो अहमदनगरला देऊ केला, पण हातचा सोडला नाही. विजयनगरविरुद्धच्या तालिकोटच्या लढाईआधी (1565) हुसेनने मुलगी चांदबीबी अलीला दिली, तेव्हा सोलापूर हुंड्यात विजापूरकडे गेले.

मोगल : शाहजहानने 1636 च्या तहात गोवळकोंड्याच्या खुतब्यातून बारा इमाम व इराणचा शाह यांची नावे काढायला लावली. त्याच वर्षी निजामशाही बुडाली आणि शहाजी भोसले आदिलशाही चाकरीत गेले. गोवळकोंड्यावरील औरंगजेबाच्या आरोपांत शिया पंथाचा उल्लेख येतो. मात्र गोवळकोंड्याआधीच, 1686 मध्ये, त्याने सुन्नी विजापूर घेतले होते.

इमादशाही, बरीदशाही : दोन्ही बहुधा सुन्नी. पहिली 1574 मध्ये निजामशाहीत, दुसरी 1619 मध्ये आदिलशाहीत विलीन.