गुजरी महालाचे नवे रहिवासी

ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या पायथ्याचा गुजरी महाल राजा मानसिंह तोमराने (कारकीर्द 1486–1516) आपल्या गुजर राणीसाठी, मृगनयनीसाठी बांधला. माहेरच्या राई गावचं पाणी महालात खेळवाल तरच लग्न करीन, अशी तिची अट होती, ही आख्यायिका इथे कुणीही सांगेल. राणीच्या घरात दगडी यक्ष आणि नाग कसे राहायला आले, हे मात्र क्वचितच कानावर येतं. त्यांना आणणारा माणूस मराठी होता.

1913 साली ग्वाल्हेर संस्थानाने स्वतःचं पुरातत्त्व खातं काढलं. त्याची धुरा मो. ब. गर्दे यांच्याकडे आली. ग्वाल्हेरचे महाराज माधवराव शिंद्यांचा मुलूख तुकड्यातुकड्यांत विखुरलेला. विदिशा, मंदसोर, बाघची लेणी, सगळं त्यात येई.

गर्द्यांचं मला सर्वांत आवडणारं काम पवायाचं. संस्कृत नाटककार भवभूती आपल्या विदर्भाचा. त्याचं ‘मालतीमाधव’ घडतं पद्मावती नगरीत. ही नगरी म्हणजे नरवर, असं पुरातत्त्वज्ञ कनिंगहॅमचं मत होतं. नाटकातल्या नद्यांची वर्णनं मात्र सिंध आणि पार्वतीच्या संगमावरच्या पवाया गावाशी जुळतात, आणि तिथल्या जमिनीनेही तीच साक्ष दिली. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या 1915–16 च्या वार्षिक अहवालात गर्द्यांनी हे सविस्तर मांडलं. पवायाच्या मणिभद्र यक्षाच्या बैठकीवर लेख आहे: स्वामी शिवनंदी राजाच्या चौथ्या वर्षी भक्तांच्या गोष्ठीने ही मूर्ती बसवली. म्हणजे राजाने नव्हे, आपल्याकडच्या गणेशोत्सव मंडळासारख्या चार लोकांनी एकत्र येऊन. तिथल्याच एका शिल्पपट्टावर मधोमध नर्तकी आणि भोवती वीणा, बासरी, मृदंग वाजवणाऱ्या बायका आहेत. तानसेनाच्या ग्वाल्हेरात त्याच्याही हजारेक वर्षं आधीची मैफल!

1920 मध्ये गर्द्यांनी गुजरी महालात संग्रहालय उभारलं. 1922 पासून ते लोकांसाठी खुलं झालं. ग्यारसपूरच्या शालभंजिकेची मूर्ती इथेच असते, कडीकुलपात. तिच्यासाठी येणारे बहुतेक जण इथल्याच पवायाच्या यक्षाकडे बघतही नाहीत, हा त्याच्यावर अन्याय आहे.

बाघच्या भित्तिचित्रांच्या प्रतीही इथे आहेत. संस्थानाने 1921 मध्ये नंदलाल बोस, असितकुमार हालदार वगैरे चित्रकारांना लेण्यांत पाठवून त्या करून घेतल्या. मूळ चित्रं इतकी खराब होत गेली, की 1982 मध्ये त्यांतली महत्त्वाची भिंतींवरून सोडवून काढावी लागली. तोवर या प्रतींना साठ वर्षं उलटली होती.