दिवाणखान्यातला टीव्ही आणि टेबलावरचा पीसी

गेमिंग पीसी घ्यावा की कन्सोल, या प्रश्नाचे मूळ दोन वेगळ्या पडद्यांत आहे. कन्सोल घडला तो दिवाणखान्यातल्या टीव्हीसाठी आणि पीसी घडला तो टेबलावरच्या मॉनिटरसाठी.

राल्फ बेअर या अभियंत्याच्या कल्पनेतून 1972 मध्ये अमेरिकेत मॅग्नाव्हॉक्स ओडिसी हा पहिला घरगुती कन्सोल आला. घरात आधीच असलेल्या टीव्हीवर खेळायचे, ही त्यामागची कल्पना. वेगळा पडदा घ्यावा लागत नसल्याने खर्च वाचला. मात्र चित्राची स्पष्टता टीव्हीच्या मर्यादेत अडकली. 1983 मध्ये जपानात आलेल्या निन्टेन्डोच्या फॅमिकॉमचे चित्र 256×240 पिक्सेलचे, म्हणजे सुमारे 61 हजार बिंदूंचे होते. टीव्ही काही फुटांवरून पाहिला जात असल्याने त्यातला खडबडीतपणा फारसा खुपत नसे.

आयबीएमचा पीसी 1981 मध्ये बाजारात आला तो कचेरीच्या कामासाठी. एका ओळीतली 80 अक्षरे हातभर अंतरावरून वाचता यावीत, यासाठी त्याला स्वतंत्र मॉनिटर लागला. 1987 च्या व्हीजीए पद्धतीत 640×480 पिक्सेल मिळत, पण रंग फक्त 16. एकाच वेळी 256 रंग हवे असतील, तर 320×200 वर उतरावे लागे. गेम बनवणाऱ्यांनी बहुधा रंगांना पसंती दिली. 1993 चा गाजलेला ‘डूम’ 64 हजार बिंदूंवरच चाले. म्हणजे तोवर पिक्सेलच्या हिशेबात पीसी दहा वर्षांपूर्वीच्या फॅमिकॉमच्या फारसा पुढे गेलेला नव्हता.

हे चित्र 1996 मध्ये बदलले. त्रिमितीय चित्रांचे गणित करणारे थ्रीडीएफएक्स कंपनीचे व्हूडू कार्ड आले आणि पीसीवरचे गेम 640×480 वर सफाईने चालू लागले. 1994 च्या प्लेस्टेशनवरचे बरेच गेम 320×240 च्या आसपास होते, म्हणजे चौपटीचा फरक पडला. पीसीतले कार्ड काढून नवे बसवता येई. कन्सोलचे यंत्र मात्र पाच-सात वर्षे तेच राहत असे. त्या स्थैर्यामुळे गेम बनवणाऱ्यांना एकाच यंत्राचा पुरेपूर कस लावता आला. शिवाय कन्सोलच्या कंपन्या यंत्र अल्प नफ्यात, प्रसंगी तोट्यात विकतात आणि ती रक्कम प्रत्येक गेममागच्या परवाना शुल्कातून भरून काढतात. पीसीच्या सुट्या भागांना असा आधार नाही. त्यांची पूर्ण किंमत गिऱ्हाइकालाच मोजावी लागते.

महाराष्ट्रात 1990 च्या दशकात फॅमिकॉमच्या नकला घरोघर पोहोचल्या. त्यांच्या कार्ट्रिजला मुले ‘कॅसेट’ म्हणत. पुढे सायबर कॅफेंमध्ये पीसीवरचे गेम रुजले. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून असेम्बल केलेल्या पीसीवर अभ्यास, काम आणि खेळ तिन्ही होत असल्याने मध्यमवर्गीय घरात त्या खर्चाचे समर्थन सोपे जाई.

नव्या शतकात दोन्ही यंत्रे एकमेकांच्या जवळ आली. 2001 च्या एक्सबॉक्समध्ये इंटेलचा प्रोसेसर आणि एनव्हिडियाची ग्राफिक्स चिप होती. 2005 चा एक्सबॉक्स 360 आणि 2006 चा प्लेस्टेशन 3 एचडी टीव्हीसाठी बनले. 2013 मध्ये प्लेस्टेशन 4 आणि एक्सबॉक्स वन या दोघांनीही पीसीच्याच घराण्यातले एएमडीचे प्रोसेसर घेतले. प्लेस्टेशन 4 प्रो (2016) आणि एक्सबॉक्स वन एक्स (2017) यांनी 4के, म्हणजे 3840×2160 चे लक्ष्य ठेवले. हे सुमारे 83 लाख बिंदू, फुल एचडीच्या चौपट.

इतके बिंदू दर सेकंदाला 60 वेळा रंगवणे भारी काम आहे. म्हणून प्लेस्टेशन 4 प्रो अर्धेच बिंदू काढून उरलेले अंदाजाने भरू लागला, तर पीसीत एनव्हिडियाने 2018 मध्ये डीएलएसएस हे तंत्र आणले. त्यात कमी पिक्सेलचे चित्र यंत्र-शिक्षणाच्या आधारे मोठे केले जाते. त्यामुळे खोक्यावरचा 4के हा आकडा एकटा पुरेसा उरला नाही. प्लेस्टेशन 5 भारतात 2 फेब्रुवारी 2021 रोजी 49,990 रुपयांना आला. त्याच सुमारास चिपचा तुटवडा आणि क्रिप्टो मायनिंगमुळे ग्राफिक्स कार्डांच्या किमती भडकल्या होत्या. पडद्यांमधला जुना फरक मिटला. टिकला तो खर्चाच्या रचनेतला. कन्सोलमध्ये यंत्र स्वस्त पडते आणि भरपाई गेममधून होते. पीसीत यंत्राला जास्त पैसे पडतात, पण त्यातला एकेक भाग हवा तेव्हा बदलता येतो.