जॅक्सनचे कागद, बायकांच्या ओव्या आणि माणसांच्या बोलण्याचे कप्पे

ऐकताना नावं आणि सालं निसटून जातात, असं तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी कळवलं होतं. म्हणून हा भाग नीट लिहून काढलाय. बोलण्याचा सूर मात्र तोच ठेवलाय.

ही तारीख नाशिककरांना शाळेपासून पाठ असते. २१ डिसेंबर १९०९. विजयानंद थिएटर, 'संगीत शारदा'चा प्रयोग. बदली झालेला कलेक्टर ए. एम. टी. जॅक्सन नाटकाला आला आणि जेमतेम अठरा वर्षांच्या अनंत कान्हेरेंनी त्याच्यावर गोळ्या झाडल्या. पुढे १९ एप्रिल १९१० ला कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे या तिघांना ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली. ज्या मैदानावर आपण रणजीचे सामने बघायला जातो, त्याला कान्हेरेंचंच नाव आहे.

इथपर्यंत सगळ्यांना माहीत असतं. मला आज विचारायचंय ते वेगळंच. जॅक्सन गेला, पण त्याने गोळा केलेल्या कागदांचं पुढे काय झालं?

कसले कागद? तर हा माणूस कलेक्टर होता आणि संस्कृतचा अभ्यासकही. लोक त्याला 'पंडित जॅक्सन' म्हणायचे. मुंबई इलाख्यातल्या लोकांच्या समजुती, देवदेवस्की, सणवार, भुताखेतांच्या गोष्टी यांची माहिती तो गोळा करत होता. त्यासाठी गावोगावच्या शाळामास्तरांना प्रश्नांची यादी जायची आणि मास्तर उत्तरं लिहून पाठवायचे. आजच्या भाषेत सांगायचं तर गूगल फॉर्मच, फक्त टपालाने!

तो गेल्यावर हे काम आर. ई. एन्थोव्हेन या अधिकाऱ्याच्या हाती आलं. १९०१ ची मुंबई इलाख्याची जनगणना याच्याच देखरेखीखाली झाली होती. त्याने ही सामग्री लावून दोन खंड छापले. 'फोकलोअर नोट्स' असं त्यांचं नाव. १९१४ साली पहिला खंड आला तो गुजरातचा आणि १९१५ साली दुसरा, कोकणचा. पहिल्या पानावरच लिहिलंय की दिवंगत जॅक्सनने जमवलेल्या सामग्रीवरून हे तयार केलंय.

आता तुम्ही म्हणाल, यात आपल्याला काय? तर तुमच्यापैकी कितीतरी जण नर्सिंग करताय, एमएसडब्ल्यू करताय, बीएड, एमएडला आहात. नाशिकमध्ये तर आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे, मुक्त विद्यापीठ आहे. प्रबंधाची वेळ आली की गाईड सांगतात, वीस मुलाखती घ्या आणि थीमॅटिक अ‍ॅनालिसिस करा. म्हणजे लोक जे बोलले ते पुन्हा पुन्हा वाचायचं, सारखं सारखं येणारं हेरायचं, त्याला छोटी नावं द्यायची, म्हणजे कोड द्यायचे, आणि त्या कोडमधून मोठी सूत्रं बांधायची. अशा पद्धतीला हे नाव नव्हतं तेव्हाही कोणी ना कोणी हे काम करतच होतं. एन्थोव्हेनच्या टेबलावर मास्तरांच्या उत्तरांचा ढीग होता आणि त्याला त्या ढिगाचे कप्पे करायचे होते. तुमच्या लॅपटॉपवर वीस मुलाखतींचा ढीग असतो, तसंच.

मग त्याने कप्पे कसे केले? हे दोन्ही खंड इंटरनेटवर फुकट वाचता येतात. मी फोनवर स्क्रोल करत अनुक्रमणिका बघितली: निसर्गातल्या शक्ती, वीर देवता, रोगांच्या देवता, पूर्वज आणि संत, त्रास देणारे मृतात्मे, दृष्ट आणि भुतं, वृक्षपूजा आणि नागपूजा, प्राणिपूजा, चेटूक. छान, नीटनेटकी यादी. गंमत पुढे आहे. विल्यम क्रूक नावाच्या अधिकाऱ्याने उत्तर भारतातल्या लोकधर्मावर १८९६ साली एक पुस्तक छापलं होतं. त्याची अनुक्रमणिका शेजारी ठेवा. प्रकरणं जवळजवळ तीच आणि क्रमही तोच!

कळलं का काय झालं? मिर्झापूरकडे तयार झालेले कप्पे कोकणातल्या माणसाला लावले. कोकण काय बोलतंय हे ऐकून कप्पे पाडले नाहीत. कप्पे आधीच होते, उत्तरं त्यात टाकली.

याने नुकसान काय होतं, ते एकाच कप्प्यावरून बघू. 'रोगांच्या देवता'.

मराठीत त्या आजाराचं नावच देवी. देवी आल्या, देवी टोचल्या, असंच आपण म्हणतो. पटकीची मरीआई, जरीमरी. गुजरातेत शीतळा. त्यामुळे हा कप्पा खोटा आहे असं मी अजिबात म्हणत नाही. पण मास्तरांना विचारलं काय, तर कोणत्या रोगाची कोणती देवता आणि तिची पूजा कशी. उत्तरात देवतेचं नाव आणि पूजाच येणार ना! पोराला देवी आल्या तेव्हा त्याच्यापाशी रात्रभर कोण बसलं? खायला काय दिलं? बाकीच्या पोरांना कुठे ठेवलं? त्या घरी कामाला कोण गेलं नाही आणि त्या दिवसांची मजुरी कोणाची बुडाली? या गोष्टींना कप्पा नव्हता. म्हणून त्या पुस्तकात आल्या तर चुकून आल्या, नाहीतर आल्याच नाहीत.

आणि सांगणारं कोण होतं? तळटीपा बघा. स्कूल मास्टर, चौक, कुलाबा. स्कूल मास्टर, दाभोळ, रत्नागिरी. पानामागून पान असंच. मास्तर म्हणजे तेव्हाचा शिकलेला पुरुष. आता व्रतं, उपास, दृष्ट काढणं, बाळंतिणीचे नियम हे घरात कोण करतं? आजी, आई, सुईण. म्हणजे माहिती बायकांची, सांगितली मास्तरांनी, विचारली साहेबाने आणि कप्पे तिसऱ्याच साहेबाचे. त्या बाईपासून छापील पानापर्यंत चार हात झाले आणि तिचं नाव पहिल्याच हाताला गळालं.

त्याच वर्षी, त्याच नाशिकमध्ये, कप्प्यांचा आणखी एक खेळ चालू होता. तो जास्त जिवावरचा. बाबाराव सावरकरांनी कवी गोविंदांच्या कविता छापल्या होत्या. देवांच्या, शिवाजी महाराजांच्या नावाने लिहिलेल्या. या कवितांचा विषय काय, देव की देश? सरकारने ठरवलं, राजद्रोह. जॅक्सनने खटला वरच्या कोर्टाकडे पाठवला आणि जून १९०९ मध्ये बाबारावांना जन्मठेप, काळ्या पाण्याची शिक्षा झाली. जॅक्सनवरच्या रागाचं हे एक मोठं कारण. खरं सांगायचं तर सरकारचं वाचन चुकलंही नव्हतं, त्या कविता स्वातंत्र्याच्याच होत्या. पण बघा, 'हे कशाबद्दल आहे' हा प्रश्न किती महाग पडू शकतो! एकाच माणसाच्या टेबलावर एकीकडे मास्तरांची उत्तरं आणि दुसरीकडे या कविता. दोन्हीकडे विषय ठरवण्याचा अधिकार सरकारकडेच.

आता ७०-८० वर्षं पुढे जाऊ आणि नाशिकहून पुणे जिल्ह्यात, मुळशीच्या डोंगरात.

तिथे हेमा राईरकर आणि मूळचे फ्रेंच, पण इथलेच झालेले गी पॉइतवाँ हे दोघं गरीब डोंगरी संघटनेच्या लोकांबरोबर काम करत होते. बायकांशी बोलता बोलता त्यांच्या लक्षात आलं की मीटिंगमध्ये गप्प बसणारी बाई जात्यावर बसली की सगळं बोलते. मग ओव्या लिहून घ्यायला सुरुवात झाली. गावागावातल्या कार्यकर्त्या बायकाही या कामात होत्या. होता होता १ लाखाहून जास्त ओव्या जमल्या. ११०० हून जास्त गावं, ३००० हून जास्त बायका. नव्वदच्या दशकात बर्नार्ड बेल हे संगीत आणि कंप्युटर दोन्हींतले जाणकार त्यांच्यात आले, ध्वनिमुद्रणं झाली, डेटाबेस तयार झाला. पॉइतवाँ २००४ साली गेले, राईरकर २०१० साली. २०१७ च्या मार्चपासून 'पारी' या संकेतस्थळावर या ओव्या येऊ लागल्या. फोनवर ऐकता येतात, नक्की ऐका.

लाखभर ओव्या म्हणजे ढीग केवढा! इथेही कप्पे पाडावेच लागले. प्रत्येक ओवीला एक सांकेतिक क्रमांक आहे: आधी अक्षर, मग आकडे, मग पोटविभाग. पण हे कप्पे ऐका: सीतेचा वनवास. बाईचा जन्म आणि कष्ट. आई आणि लेक. भाऊ आणि बहीण. सासर. पंढरीची वाट. बाबासाहेब आंबेडकर.

जॅक्सन-एन्थोव्हेनच्या चौकटीत सीता कुठे गेली असती? देवादिकांत. इथे ऐकणाऱ्यांना दिसलं की या बाया सीतेबद्दल बोलताना स्वतःबद्दल बोलताहेत. टाकलेली बाई, रानात एकटीने बाळंत झालेली बाई. म्हणून सीतेला स्वतंत्र जागा मिळाली, आणि ती बाईच्या दुःखाशेजारी. बाबासाहेबांचंही तसंच. १९९६ साली बीड जिल्ह्यात माजलगावच्या भीमनगरमधल्या बायकांनी त्यांच्यावरच्या ओव्या गायल्या. 'पारंपरिक लोकगीत' म्हटल्यावर कोणाच्या यादीत बाबासाहेब असतात? पण बाया गात होत्या, म्हणून कप्पा झाला.

थांबा, लगेच टाळ्या नकोत. हे कप्पेही जात्यावरच्या बाईने पाडले नाहीत, अभ्यासकांनीच पाडले. त्यांचीही मतं होती, बाजू होती. मग फरक काय? मला दोन फरक दिसतात. एक, आधी ऐकलं आणि मग नावं दिली. दोन, ओवीबरोबर गाणारीचं नाव आणि गाव जपलं. उद्या तुम्हाला त्यांची वर्गवारी पटली नाही, तर मूळ ओवीपाशी जाऊन नवी वर्गवारी करता येते. मास्तरांच्या उत्तरांमागच्या बाईपाशी मात्र आपण कधीच पोचू शकत नाही.

व्हर्जिनिया ब्राउन आणि व्हिक्टोरिया क्लार्क ही नावं तुमच्या गाईडने घेतली असतील. २००६ सालचा त्यांचा लेख म्हणजे थीमॅटिक अ‍ॅनालिसिसचं पाठ्यपुस्तकच झालाय. त्यात सहा टप्पे आहेत: सगळं वाचून मुरवा, कोड द्या, सूत्रं बांधा, ती तपासा, त्यांना नावं द्या, लिहा. लोक हे टप्पे पाठ करतात आणि त्यांची मुख्य गोष्टच विसरतात. सूत्रं मुलाखतीत खड्यासारखी पडलेली नसतात, वेचून घ्यायला. ती संशोधक घडवतो. म्हणून 'माहितीतून अशी सूत्रं पुढे आली' असं लिहून अंग काढून घेता येत नाही. तुम्ही ती का आणि कशी घडवली, हे सांगावं लागतं.

आपल्या जिल्ह्यातलं उदाहरण घेऊ. समजा, सुरगाणा-पेठकडच्या गरोदर बाया तपासणीला का येत नाहीत, यावर तुम्ही मुलाखती घेताय. घरून निघतानाच डोक्यात तीन कप्पे तयार असतात: अज्ञान, अंधश्रद्धा, गरिबी. आता समजा एक बाई म्हणाली, "आम्ही द्राक्षाच्या कामाला दिंडोरीकडं होतो. इकडं नाव, तिकडं काम. एक दिस गेले तर दिवसभर बसवलं, मजुरी गेली, वर बोलणी खाल्ली." ही कुठल्या कप्प्यात टाकणार? घाईत 'गरिबी'त जाईल आणि विषय संपेल. पण तिचेच शब्द धरून कोड द्या: नाव एकीकडे काम दुसरीकडे, बुडालेला दिवस, बोलणी. आणखी पाच बायांच्या बोलण्यात हेच सापडलं, तर तुमचं सूत्र होईल: दवाखान्याचा एक दिवस बाईला किती महाग पडतो. 'अज्ञान' लिहिलंत तर उपाय निघतो पोस्टर. हे लिहिलंत तर उपाय निघतो मळ्यावर जाणारी नर्स. कप्प्याचं नाव बदललं की सरकारी पैसा कुठे जाणार, तेही बदलू शकतं.

शाळेचंही तेच. मुलगी शाळेतून गळाली की 'पालकांची उदासीनता' हा कप्पा तयारच असतो. शाळेच्या संडासाला कडी नाही, हे तिने सांगितलं तरी कागदावर येत नाही.

मग पुढच्या वेळी मुलाखती समोर आल्या की तीन गोष्टी करा. पहिल्या वाचनात एकही कोड देऊ नका, नुसतं वाचा. पहिले कोड शक्यतो बोलणाऱ्याच्याच शब्दांत द्या. आणि कोणत्याच कप्प्यात न बसणारी वाक्यं फेकू नका, त्यांची वेगळी यादी करा. आजारपणाच्या मुलाखतीत खरं नाव लपवायचंच असतं, ते बरोबरच आहे. पण कोणी, कुठल्या परिस्थितीत हे म्हटलं, ते वाक्याबरोबर राहू द्या.

आणि प्रबंध छापण्याआधी आपली अनुक्रमणिका एकदा क्रूकच्या नजरेने तपासा. ती मुलाखती घेण्याच्या आधीच तयार होती का? उत्तर 'हो' आलं, तर परत ढिगापाशी बसा. वीस बाया बोलल्यात. त्यांचं अजून ऐकायचं राहिलंय.

भाग आवडला तर प्रबंधाच्या टेन्शनमध्ये असलेल्या एखाद्या मैत्रिणीला पाठवा. भेटू पुढच्या भागात!