कापोहोची पपई

पपईच्या देठावर तेल ओघळल्यासारखे गडद हिरवे ओरखडे दिसले की माझ्या पोटात गोळा येतो. शहादा तालुक्यात पपई लावणाऱ्याला त्याचा अर्थ सांगावा लागत नाही. मग शेंड्याची पानं पिवळी पडून दोरीसारखी बारीक होतात, फळावर वलयं उमटतात आणि झाड उभ्या उभ्या वाया जातं. आम्ही नुसतं ‘व्हायरस आला’ म्हणतो. पुस्तकात त्याला रिंगस्पॉट म्हणतात. फवारणीनं मावा मरतो, पण मरायच्या आधी सोंड खुपसून तो रोग देऊन मोकळा झालेला असतो. तीन वर्षांपूर्वी मी माझी दोन एकर बाग कुऱ्हाडीनं तोडली. त्याच दिवसांत हवाईची हकिगत वाचली.

हवाईतल्या ओआहू बेटावर हा रोग 1940च्या दशकात दिसला. तिथली पपई बसू लागली तसे शेतकरी 1960च्या सुमारास मोठ्या बेटावरच्या पुना भागात गेले. जमीन म्हणजे लाव्हाचा खडक, पण ‘कापोहो’ जातीची पपई तिथं अशी रुजली की राज्याचा 95 टक्के माल पुनातून निघू लागला. मात्र वीसेक मैलांवरच्या हिलो शहरात रोग 1970च्या दशकातच पोचला होता. सरकारी माणसं परसापरसात फिरून रोगट झाडं तोडत राहिली.

हा पहारा कायम पुरणार नाही, हे डेनिस गोन्साल्विस यांनी ओळखलं. हवाईतल्याच उसाच्या मळ्यावर वाढलेला हा माणूस न्यूयॉर्कच्या कॉर्नेल विद्यापीठात वनस्पतींच्या रोगांवर काम करत होता. त्यांनी आणि शी-डाँग येह यांनी आधी विषाणूचं सौम्य रूप तयार केलं. ते रोपाला टोचायचं, देवीची लस टोचावी तसं. उपाय लागू पडे, पण टोचलेल्या झाडावरही खुणा उमटत. मग 1986 मध्ये रॉजर बीची यांच्या गटानं तंबाखूवरच्या एका विषाणूच्या आवरणाचं जनुक तंबाखूच्याच झाडात घालून तो रोग रोखून दाखवला. गोन्साल्विस यांनी आपल्या त्याच सौम्य विषाणूच्या आवरणाचं जनुक घेतलं. मॉरीन फिच आणि रिचर्ड मॅनशार्ट यांच्या साथीनं ते टंगस्टनच्या बारीक कणांवर लेपून पपईच्या कोवळ्या पेशींवर बंदुकीनं मारलं. त्यातून 55-1 नावाचा वाण हाती लागला. झाडाला त्या विषाणूची ओळख पटलेली असते. तो आत शिरला की झाड त्याचा संदेश कापून टाकतं.

1992च्या एप्रिलमध्ये ओआहूवर ही रोपं शेतात लागली. पुढच्याच महिन्यात पुनात, पाहोआ गावाजवळ, व्हायरस सापडला. हे दोन महिने वाचून मी पुस्तक बाजूला ठेवलं. पुनाचं उत्पादन सहा वर्षांत निम्म्यावर आलं. काम त्या मे महिन्यात सुरू झालं असतं, तर बी तयार होईपर्यंत ते वाटायला शेतकरीच उरले नसते.

1995च्या ऑक्टोबरात पुनातल्याच कापोहो इथं या रोपांची चाचणी लागली. तिचा विमानातून काढलेला फोटो मी किती वेळा पाहिला असेन: भोवती पिवळ्या, मेलेल्या बागा आणि मधोमध एक गच्च हिरवा चौकोन. 55-1 मूळ लाल गराचा. पुनाच्या लोकांना पिवळा गर हवा, म्हणून कापोहोशी संकर करून ‘रेनबो’ केली. मे 1998 मध्ये तिचं बी शेतकऱ्यांना फुकट वाटलं. जपाननं मात्र ती पपई 2011च्या अखेरीसच आपल्या बाजारात येऊ दिली.

अशा जनुक बदललेल्या पिकाची भीती बाळगणाऱ्यांशी मी भांडत नाही. तपासणी कडक हवीच. पण आमच्यातले काही जण म्हणतात, तेच बी इकडे आणा. तसं चालत नाही. रेनबो हवाईच्या विषाणूला ओळखते, दुसरीकडच्या विषाणूपुढे ती पडू शकते. आमच्या शिवारातला विषाणू आमच्याच शिवारातून पकडून त्याचं जनुक घ्यावं लागेल, आणि ते काम बागा हिरव्या असतानाच चालू असायला हवं.

यंदा बागेभोवती मक्याच्या दोन ओळी दाट पेरल्यात, मावा आधी तिथं अडावा म्हणून. रोज सकाळी देठ बघत फिरतो. काल पश्चिमेच्या कडेची दोन झाडं उपटून जाळली.