कोंबडीची ऊब आणि माणसाची झोप: थर्मोस्टॅटचा विस्मृत इतिहास

इस्त्री ठरावीक तापमानाला पोहोचली की आपोआप बंद होते, थंड झाली की पुन्हा सुरू होते. हे काम करणाऱ्या थर्मोस्टॅटचा उगम शोधत मागे गेले, तर वाट कारखान्यात किंवा राजवाड्यात थांबत नाही. ती थेट अंड्यांच्या पेटीपाशी आणि पिल्लांच्या खुराड्यापाशी जाते.

कारण साधे आहे. कोंबडीचे अंडे उबण्यास २१ दिवस लागतात आणि त्या काळात त्याला सुमारे ३७.५ अंश सेल्सिअसची ऊब अखंड मिळावी लागते. दोन-तीन अंश अधिक झाले तरी आतला जीव दगावू शकतो. पिल्लू बाहेर आले तरी प्रश्न सुटत नाही. पहिल्या आठवड्यात त्याला सुमारे ३५ अंशांची ऊब हवी, कारण स्वतःच्या शरीराची उष्णता राखण्याचे सामर्थ्य त्याच्यात अजून आलेले नसते. खुडूक कोंबडी हे सारे न शिकता करते. माणसाला मात्र त्यासाठी रात्रंदिवस विस्तवाशेजारी बसावे लागे.

इजिप्तमध्ये ही कला फार प्राचीन. नाईलच्या त्रिभुज प्रदेशात मातीच्या विटांच्या मोठ्या भट्ट्या बांधून, शेणाच्या मंद विस्तवावर एकाच वेळी हजारो अंडी उबवली जात. तापमापक नव्हताच. अंडे पापणीला लावून ऊब योग्य आहे की नाही, हे कारागीर ठरवत. ही विद्या पिढ्यानपिढ्या घराण्यात राही, आणि युरोपीय प्रवासी तिचे वर्णन आश्चर्याने लिहून नेत. वर्णन नेता येत होते. पापणी नेता येत नव्हती!

या पापणीच्या जागी प्रथम यंत्र बसवले ते कॉर्नेलिस ड्रेबेल याने. १५७२ साली हॉलंडमधील अल्कमार येथे जन्मलेला हा कोरीवकाम करणारा कारागीर पुढे इंग्लंडमध्ये पहिल्या जेम्स राजाच्या आश्रयाला आला. थेम्स नदीत पाणबुडी चालवणारा म्हणून तो आज ओळखला जातो. त्याची अंडी उबवण्याची पेटी फारशी कोणाला आठवत नाही. वास्तविक विचाराच्या दृष्टीने पेटीचे मोल पाणबुडीहून मोठे आहे.

पेटीच्या तळाशी विस्तव असे. वर दुहेरी भिंतींचा कप्पा, भिंतींमध्ये पाणी आणि आत अंडी. त्या पाण्यात अल्कोहोल भरलेले काचेचे पात्र बुडवलेले असे आणि त्याला जोडलेल्या नळीत पारा. उष्णता वाढली की अल्कोहोल फुगे आणि पाऱ्याला वर ढकले. पाऱ्यावर टेकलेली दांडी उचलली जाऊन धूर बाहेर पडण्याचे झाकण मिटू लागे. हवेचा ओढा कमी झाला की विस्तव मंदावे. पेटी निवली की सारे उलट्या क्रमाने घडे. विस्तवाची उष्णताच विस्तवाला आवर घालत होती. आधुनिक युरोपातील स्वयंनियंत्रणाच्या पहिल्या उदाहरणांत या रचनेची गणना होते. तिचा कर्ता मात्र १६३३ मध्ये लंडनमध्ये विपन्नावस्थेत वारला. अखेरच्या काळात तो मद्यगृह चालवून पोट भरत होता.

त्यानंतर ही कल्पना जवळजवळ विस्मृतीत गेली. १७४९ मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ रेओम्यूर याने कृत्रिम उबवणीवर ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याने लिदीच्या उकिरड्यात पिंपे पुरून पाहिली, पाववाल्यांच्या भट्टीची ऊब वापरून पाहिली. तापमापक बनवण्यात तो निष्णात होता. परंतु तापमान मोजणे वेगळे आणि ते राखणे वेगळे. राखण्यासाठी माणूस जागाच राहत होता.

तो झोपू शकला तो पॅरिसजवळ. १७७७च्या सुमारास बोनमँ या फ्रेंच संशोधकाने गरम पाणी नळ्यांतून फिरवून उबवणीचे दालन तापवण्याची व्यवस्था केली आणि तिला नियामक जोडला. बॉयलरच्या पाण्यात शिशाची नळी आणि तिच्या आत लोखंडाची दांडी. तेवढ्याच उष्णतेने शिसे लोखंडाच्या दुपटीहून अधिक प्रसरण पावते. या प्रसरणातील फरकाने तरफ हाले आणि भट्टीत हवा नेणारी झडप उघडे वा मिटे. विशेष म्हणजे त्याने दालनालगत नवजात पिल्लांसाठी स्वतंत्र उबदार खोलीही ठेवली होती. थर्मोस्टॅटने तापवलेले खुराडे म्हणावे तर ते हेच. शेतकऱ्यांकडून कोंबड्या येणे थांबे त्या दिवसांतही पॅरिसच्या बाजारात त्याची पिल्ले पोहोचत.

गंमत अशी, की ‘थर्मोस्टॅट’ हे नाव अजून जन्मायचे होते. ते स्कॉटिश रसायनतज्ज्ञ अँड्र्यू यूर याने १८३० मध्ये, दोन धातूंच्या जोडपट्टीच्या पेटंटमध्ये दिले. बोनमँच्या यंत्राचे सविस्तर वर्णनही याच यूरने लिहून ठेवले.

१८८१ मध्ये इंग्लंडमध्ये चार्ल्स हिअर्सन याने धातूची एक छोटी चपटी डबी आणली. ठरावीक तापमानाला आतला द्रव उकळे, डबी फुगे आणि दिव्याची उष्णता बाजूला वळवली जाई. पुढे ईथर भरलेल्या अशाच चकत्या अमेरिकेतील शेतांवर पिल्लांच्या खुराड्यांत बसल्या, आणि घरच्या माणसांना रात्री अंथरुणावर पडता येऊ लागले. तरीही अनुभवी पोल्ट्रीवाला आजसुद्धा सकाळी दार उघडताच आधी काट्याकडे पाहत नाही. पिल्ले उष्णतेखाली दाटीवाटीने गोळा झाली असतील तर थंडी वाजते आहे. भिंतींकडे पांगून चोची उघड्या ठेवून बसली असतील तर उकडते आहे. मग तो स्क्रू किंचित फिरवतो.