दंडमाफीचा अर्ज फेटाळला गेल्यास...

वस्तू व सेवा कर १ जुलै २०१७ रोजी लागू झाला. नवखेपणामुळे अनेक व्यापाऱ्यांच्या विवरणपत्रांत त्रुटी राहिल्या आणि पुढे व्याज-दंडासह मागण्या निघाल्या. २०१७-१८ ते २०१९-२० या तीन वर्षांच्या, कलम ७३ खालील मागण्यांसाठी कलम १२८-अ अन्वये अभय योजना आली. मूळ कर ३१ मार्च २०२५ पर्यंत भरून ३० जून २०२५ पर्यंत अर्ज करणाऱ्यांना व्याज व दंड माफ करण्याची ही तरतूद होती. वणी, पुसद वा दिग्रस येथील व्यापाऱ्यांनी अशा अर्जावरील उत्तर कसे वाचावे?

प्रथम नमुना क्रमांक पाहावा. एसपीएल-०३ हा निर्णय नव्हे, ती नोटीस होय. तिला एका महिन्यात एसपीएल-०४ मध्ये उत्तर द्यावयाचे असते. चलनाची प्रत व मागणी आदेश सोबत जोडावेत. एसपीएल-०५ म्हणजे मंजुरी. तिच्याविरुद्ध अपील नाही, तसेच पूर्वी भरलेले व्याज वा दंड परत मिळत नाही. विहित मुदतीत निर्णय न झाल्यास अर्ज मंजूर झाला असे मानले जाते.

एसपीएल-०७ म्हणजे नामंजुरी. तिच्याविरुद्ध कलम १०७ खाली तीन महिन्यांत अपील करता येते. सबळ कारण असल्यास आणखी एक महिना मिळू शकतो. अपील मान्य झाल्यास एसपीएल-०६ द्वारे माफी मिळते.

योजनेसाठी ज्यांनी मूळ मागणीविरुद्धचे अपील मागे घेतले होते, त्यांनी एसपीएल-०७ ला आव्हान न दिल्यास ते जुने अपील पुनरुज्जीवित होते. आव्हान देऊन हरल्यास मात्र, या निर्णयाविरुद्ध पुढे अपील करणार नाही असे हमीपत्र एसपीएल-०८ मध्ये तीन महिन्यांत द्यावे लागते. तरच जुने अपील पुन्हा उभे राहते. ज्यांनी मुळात अपीलच केले नव्हते, त्यांच्यापाशी पुनरुज्जीवित होण्याजोगे काही नसते. त्यांनी नामंजुरीला मुदतीत आव्हान देणे अधिकच निकडीचे ठरते.

मुंबई उच्च न्यायालयाचे नागपूर खंडपीठ यवतमाळकरांना जवळचे असले, तरी अपिलाचा मार्ग खुला असताना न्यायालय रिट याचिका सहसा दाखल करून घेत नाही.

आदेश संकेतस्थळावरील खात्यात येतो. टपालाची वाट पाहण्यात मुदत जाऊ नये, यासाठी खाते नियमित पाहणे हिताचे.