खिशातले बिऱ्हाड

जळगावाहून तापीच्या खोऱ्यातून सुरतेकडे जाणारी आगगाडी धरणगाव, अमळनेर, दोंडाईचा, नंदुरबार, नवापूर ही खानदेशची स्थानके मागे टाकीत गुजरातेत शिरते आणि व्यारा, बारडोली करीत उधन्याला येऊन पोचते. उधन्याच्या शेजारीच पांडेसऱ्याची औद्योगिक वसाहत आहे. कापडाची रंगाई आणि छपाई करणाऱ्या गिरण्यांचा हा भाग. ओरिसा, उत्तर प्रदेश, बिहार येथून आलेल्या कामगारांबरोबर धुळे, नंदुरबार आणि जळगाव जिल्ह्यांतील माणसेही येथे कित्येक दशके पोटासाठी येत आहेत. अहिराणी बोलणारी वस्ती दक्षिण सुरतेत इतकी आहे की, सुरत महानगरपालिकेच्या शिक्षण समितीला मराठी माध्यमाच्या शाळा चालवाव्या लागतात.

बिऱ्हाड हलवणे हा येथील माणसाच्या अंगवळणी पडलेला संस्कार आहे. काय बरोबर घ्यावयाचे, काय भावाच्या घरी ठेवावयाचे आणि काय सोडून द्यावयाचे, हे त्याला कोणी शिकवावे लागत नाही. परंतु गेल्या पाव शतकात त्याच्या खिशात आणखी एक बिऱ्हाड आले. ते म्हणजे मोबाइल. त्यात नातलगांची नावे असतात, मुकादमाचे निरोप असतात, लेकरांची छायाचित्रे असतात आणि पैशांचे हिशेबही असतात. एका यंत्रातून दुसऱ्या यंत्रात हे बिऱ्हाड हलवण्याची वेळ या काळात अनेकदा आली. त्या प्रत्येक वेळी काय बरोबर आले आणि काय मागे राहिले, याचा इतिहास पाहण्याजोगा आहे.

प्रत्येक मोबाइलच्या आत एक मूळ व्यवस्था काम करीत असते. तिला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. मराठीत कार्यप्रणाली हा शब्द रूढ आहे. अक्षर कसे उमटावे, नाव कोठे साठवावे, छायाचित्र कोणाला दिसावे, हे सारे ती ठरवते. घराची बांधणी आणि कार्यप्रणाली यांत पुष्कळ साम्य आहे. एका घराचा कोनाडा उपटून दुसऱ्या घराच्या भिंतीत बसवता येत नाही. तशी एका प्रणालीसाठी रचलेली वस्तू दुसरीत आपोआप बसत नाही.

भारतात मोबाइलवरचे पहिले संभाषण ३१ जुलै १९९५ रोजी कलकत्त्याहून झाले. पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी केंद्रीय दूरसंचारमंत्री सुखराम यांच्याशी ते केले. त्यानंतरची काही वर्षे मोबाइल ही धनिकांची वस्तू होती. येणाऱ्या फोनलाही पैसे पडत. ती पद्धत २००३ साली बंद झाली आणि मग कामगाराच्या खिशात मोबाइल दिसू लागला. त्याच वर्षी आलेल्या नोकियाच्या ११०० या संचाला टोकाशी विजेरी होती आणि धुळीत टिकणारी कळफळी होती. जगभर त्याचे सुमारे पंचवीस कोटी नग विकले गेले. अशा साध्या संचातले बिऱ्हाड फार लहान असे. शंभर ते अडीचशे नावे सिम कार्डावर मावत. कार्ड काढून दुसऱ्या संचात घातले की घर हलले. कार्यप्रणाली हा शब्दही कोणाला ऐकून ठाऊक असण्याचे कारण नव्हते.

अपवाद याही काळात होता. रिलायन्सने २००२च्या अखेरीस सीडीएमए या निराळ्या पद्धतीची सेवा सुरू केली आणि २००३च्या पावसाळ्यात अवघे ५०१ रुपये आरंभी घेऊन संच हातात दिला. मोबाइल स्वस्त करणारी ती मोठीच घटना होती. परंतु त्या आरंभीच्या संचांत सिम कार्ड नसे. नंबर आणि नावे यंत्रातच कोंडलेली असत. संच बदलावयाचा झाला की नावे वहीत उतरवून घ्यावी लागत. दार स्वस्तात उघडून दिलेल्या घरातून सामान बाहेर काढणे मात्र कठीण असू शकते, हा धडा तेव्हाच मिळाला होता.

पुढे संच हुशार झाले. नोकिया, एरिक्सन, मोटोरोला आणि सायन या कंपन्यांनी १९९८ साली सिंबियन नावाची संस्था स्थापली होती. तिच्या कार्यप्रणालीवर चालणारे नोकियाचे संच छायाचित्रे काढीत, गाणी वाजवीत, नवे कार्यक्रम आत घेत. भारताच्या बाजारात नोकियाचे वर्चस्व होते; मद्रासजवळ श्रीपेरुंबुदूर येथे २००६ साली तिचा कारखानाही निघाला. हे राज्य कधी मोडेल असे त्या वेळी कोणाला वाटले नसते. परंतु २००७ साली अॅपलने आयफोन आणला. गूगलने २००५ साली विकत घेतलेली अँड्रॉइड ही प्रणाली २००८ साली पहिल्या संचात आली, आणि ती गूगलने सर्व उत्पादकांना खुली केली. ११ फेब्रुवारी २०११ रोजी नोकियाने सिंबियन सोडून मायक्रोसॉफ्टच्या विंडोजचा आश्रय घेत असल्याचे जाहीर केले. २०१४च्या नोव्हेंबरात श्रीपेरुंबुदूरचा कारखाना बंद पडला. विंडोजवर चालणारे संचही टिकले नाहीत.

या पडझडीत मायक्रोमॅक्स, कार्बन, लावा अशा देशी नावांनी स्वस्त अँड्रॉइड संच बाजारात आणले. त्यांची एक सोय पांडेसऱ्यासारख्या ठिकाणी फार मोलाची होती, ती म्हणजे दोन सिम कार्डांची जागा. धुळे, नंदुरबार महाराष्ट्राच्या दूरसंचार मंडळात आणि सुरत गुजरातच्या. गावाचा नंबर सुरतेत वापरला तर परमुलखाचा आकार पडे. सुरतेचा नंबर घेतला तर गावचे लोक जुन्याच नंबरावर हाक मारीत. म्हणून एका यंत्रात दोन कार्डे. कंपनी बदलूनही नंबर तोच ठेवण्याची मुभा २५ नोव्हेंबर २०१० रोजी हरियाणात आणि २० जानेवारी २०११ रोजी देशभर मिळाली. तथापि ती एका मंडळापुरतीच होती. नवापूर ओलांडून नंबर आपल्याबरोबर न्यावयाला कामगाराला ३ जुलै २०१५ पर्यंत थांबावे लागले. तेव्हापासून मात्र नंबर हा ग्राहकाचा झाला आणि कंपनीला तो अडवून ठेवता येईना. हे कोणाच्या औदार्याने घडले नाही, शासनाच्या नियमाने घडले, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

नंबर आला, पण अक्षराचे काय? नोकियाने २००० सालीच ३२१० या संचात हिंदीची सूची दिली होती. नव्या अँड्रॉइड संचांवर मात्र आरंभीची काही वर्षे देवनागरी नीट उमटत नसे. कोठे अक्षरांच्या जागी रिकाम्या चौकटी दिसत, कोठे जोडाक्षरे फुटून पडत. यंत्र नवे आणि भाषा मुकी, अशी अवस्था होती. अँड्रॉइडच्या २०१४च्या लॉलिपॉप आवृत्तीत मराठीला यंत्राची भाषा म्हणून स्थान मिळाले. त्याच सुमारास मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतून बाहेर पडलेल्या तरुणांनी अँड्रॉइडवर आधारलेली, देशी भाषांसाठी बांधलेली इंडस ही प्रणाली पुढे आणली. पुढे केंद्र शासनाने संचांवर सर्व अनुसूचित भाषा वाचता याव्यात असा दंडकच केला.

लिपी बदलली की काय हरवते, हे मराठी माणसाला निराळे सांगावयास नको. शतकानुशतके मराठीचा सारा व्यवहार मोडीत झाला. छापखाना आला, बालबोध लिपीचे खिळे पडले, आणि विसाव्या शतकाच्या मध्यास शाळांतून मोडी उठली. तो बदल सोयीचा होता, यात शंका नाही. परंतु पुण्याच्या पेशवे दफ्तरातील असंख्य कागद आज मूठभर जाणकारांनाच वाचता येतात. घराघरांतील वाटणीपत्रे आणि खतपत्रे नातवंडांना परकी झाली. कागद जाळला नाही, फाडला नाही. केवळ वाचण्याची पद्धत बदलली आणि तो मुका झाला. यंत्राच्या प्रणालीचा बदल हा याच जातीचा आहे. फरक एवढाच की, मोडीला मावळायला दीडशे वर्षे लागली आणि सिंबियनला दशकही लागले नाही.

हे मुकेपण व्हॉट्सअॅपच्या कथेत सर्वांत स्पष्ट दिसते. २००९ साली निघालेली ही निरोपांची सोय कामगारवस्तीत पत्राच्या, तारेच्या आणि फोटोच्या जागी आली. तिने जुन्या प्रणालींना एकामागून एक निरोप दिला. नोकियाच्या सिंबियन संचांवरील तिची सेवा ३० जून २०१७ रोजी, एस-४० या साध्या संचांवरील २०१८च्या अखेरीस आणि विंडोज संचांवरील २०१९च्या अखेरीस बंद झाली. यंत्र चालू होते, नंबर चालू होता, पण निरोप येईनासे झाले. दुसरीकडे, अँड्रॉइडवरील निरोपांची प्रत गूगलच्या कोठारात पडे आणि आयफोनवरील अॅपलच्या. या दोन कोठारांत येण्याजाण्याची वाट नव्हती. अॅपलने अँड्रॉइडहून आयफोनवर येणाऱ्यांसाठी २०१५ सालीच एक साधन दिले होते. नावे आणि छायाचित्रे त्याने येत, पण व्हॉट्सअॅपवरील जुने संभाषण येत नसे. आयफोनहून अँड्रॉइडकडे ते नेण्याची अधिकृत सोय २०२१ साली काही संचांपुरती झाली आणि उलट दिशेची २०२२ साली. तोवर बारा-तेरा वर्षे गेली होती. त्या अवधीत ज्यांनी यंत्र बदलले, त्यांच्यापैकी कित्येकांनी दिवंगत आईबापांचे निरोपही जुन्या यंत्राबरोबर मागे ठेवले.

गरिबाच्या वाट्याला आणखी एक तिसरी प्रणाली आली. तिची वंशावळ मोठी विलक्षण आहे. मोझिला या संस्थेने स्वस्त संचांसाठी फायरफॉक्स नावाची प्रणाली रचली. २०१४च्या ऑगस्टात इंटेक्सने तिच्यावर चालणारा संच भारतात १,९९९ रुपयांना आणला. २०१५च्या अखेरीस मोझिलाने मोबाइलपुरता हा नाद सोडला. पण प्रणालीची संहिता खुली असल्यामुळे इतरांनी ती उचलली आणि तीतून कायओएस उभी राहिली. २०१७ साली रिलायन्सने १,५०० रुपयांची परत मिळणारी अनामत घेऊन जो जिओफोन दिला, त्याच्या आत हीच प्रणाली होती. कळा दाबावयाचा साधा संच, तरी इंटरनेटशी जोडलेला. २०१८च्या सप्टेंबरपासून त्यावर व्हॉट्सअॅपही मिळू लागले.

या तिसऱ्या घरात राहण्याची किंमत किती, हे २०२०च्या टाळेबंदीत कळले. मार्चच्या अखेरीस पांडेसऱ्यात कामगार रस्त्यावर उतरले होते. गिरण्या बंद, हातात मजुरी नाही, आणि गावी जावयाची वाट नाही. २ एप्रिल रोजी केंद्र शासनाने आरोग्य सेतू हे अॅप अँड्रॉइड आणि आयफोन यांसाठी दिले. १ मेच्या आदेशाने ते कामावरील माणसांना सक्तीचे झाले. त्याच दिवसापासून श्रमिक गाड्या धावू लागल्या. जिओफोनसाठी मात्र ते अॅप मे महिन्याच्या मध्यास आले. म्हणजे जवळजवळ सहा आठवडे खिशात इंटरनेट असूनही जिओफोनधारक त्या अॅपला पारखा होता. त्याने काही चुकीचे केले नव्हते. त्याला परवडली ती प्रणाली त्याने घेतली होती.

पुढे २०२१च्या दिवाळीत अँड्रॉइडवर आधारलेला जिओफोन नेक्स्ट आला. २०२४च्या जूनपासून कायओएसवर व्हॉट्सअॅप नव्याने घेता येईनासे झाले आणि २०२५च्या आरंभी तेथील उरलेली सेवाही संपली. साध्या संचाच्या धन्याला पुन्हा एकदा बिऱ्हाड उचलणे भाग पडले. या वेळीही केव्हा उचलावयाचे ते त्याने ठरवले नव्हते.

एकाच घराची मक्तेदारी झाली म्हणजे घरमालकाचे नियम कसे होतात, हा प्रश्न न्यायासनापुढेही गेला. २० ऑक्टोबर २०२२ रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने अँड्रॉइडच्या व्यवहारात वर्चस्वाचा दुरुपयोग केल्याबद्दल गूगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला. पुढील वर्षीच्या मार्चमध्ये अपिलातही तो कायम राहिला. परंतु सामान्य ग्राहकाचा मूळ प्रश्न याहून साधा आहे. आपले सामान घेऊन बाहेर पडण्याचा हक्क त्याला आहे काय? २०१९ साली संसदेपुढे आलेल्या वैयक्तिक माहिती संरक्षणाच्या विधेयकात असा हक्क स्पष्ट शब्दांत होता. माहिती वापरता येईल अशा स्वरूपात परत मागावी, किंवा थेट दुसऱ्या सेवेकडे पाठवावयास सांगावी, अशी ती तरतूद होती. ते विधेयक मागे घेतले गेले आणि २०२३ साली जो कायदा संमत झाला, त्यात ती तरतूद राहिली नाही. युरोपीय संघाने मात्र आपल्या कायद्यांत हा हक्क घातला आहे.

या साऱ्या इतिहासाचे सार नंबर आणि निरोप यांच्या तुलनेत आहे. नंबर हलवण्याचा हक्क २०११ साली नियमाने मिळाला, २०१५ साली तो राज्याच्या सीमेपलीकडे गेला, आणि आज कोणतीही कंपनी तो नाकारू शकत नाही. निरोप, छायाचित्रे आणि हिशेब हलवण्याची सोय कंपन्यांनी आपापल्या सवडीने, आपापल्या हिताचे गणित पाहून दिली. ती उद्या काढून घेतली तर दाद कोठे मागावी हे कायद्याने सांगितलेले नाही. पहिला हक्क आहे, दुसरी मेहेरबानी आहे.

पांडेसऱ्यातून सणासुदीला खानदेशाकडे निघालेला कामगार उधन्याच्या फलाटावर गाठोडे पायाशी ठेवून उभा असतो. त्या गाठोड्यातील प्रत्येक वस्तू त्याची आहे, याविषयी त्याला शंका नसते आणि नवापूरला ती कोणी उतरवूनही घेत नाही. खिशातल्या बिऱ्हाडाविषयी त्याला असाच निर्धास्तपणा लाभावयाचा असेल, तर नंबराला जो नियम लागू झाला तोच निरोपांनाही लागू व्हावा लागेल.